ठिपका नाही, तरी कूलंट कमी

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. वय दोन वर्षांच्या आत, चाललेली पंचवीस हजारांच्या आसपास, सगळं सर्व्हिसिंग शोरूममध्येच. तक्रार एकच: मीटरवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी असल्याचा दिवा अधूनमधून लागतो, टॉप-अप केलं की जातो आणि काही आठवड्यांनी परत हजर होतो. गाडीची मालकीण पुण्यात बँकेत नोकरीला, माहेर साताऱ्याचं. तिच्या वडिलांची जीप वर्षानुवर्षं माझ्याच गॅरेजला असायची, त्यामुळे ती मला काका म्हणते आणि शोरूममध्ये काही सांगितलं की खरं-खोटं करायला मला फोन लावते.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा शोरूममध्ये "थोडं कमी होतंच मॅडम, कूलंट उडतं" असं सांगून टॉप-अप झालं. दुसऱ्यांदा तिच्या नवऱ्याने ऑनलाइन मागवलेल्या हिरव्या कूलंटच्या कॅनमधून घरीच ओतलं. तिसऱ्यांदा ती गाडी घेऊन शोरूमला गेली, तर पोहोचेपर्यंत दिवा गेलेला आणि कूलंटच्या टाकीत पातळी बरोबर. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. गाडीखाली वाकून पाहिलं, ठिपका नाही. निष्कर्ष निघाला की सेन्सर जरा जास्तच हळवा आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला पटणारं आहे, आणि तिथेच सगळी गोम होती.

शिरवळचा फोन

मे महिन्यातली सकाळ. ती, नवरा आणि सासूबाई पुण्याहून कराडला निघालेले.

"काका, तो दिवा परत लागलाय. शिरवळ आलंय, पुढे खंबाटकी आहे."

"दिव्याबरोबर काय लिहून आलंय? लेव्हल की टेम्परेचर?"

"चेक कूलंट लेव्हल."

"काटा?"

"मध्ये. नेहमीसारखा."

"बोनेटमधून वाफ? गोडसर वास?"

"काहीच नाही."

"मग घाबरू नकोस. एसी बंद कर, डावीकडे ये, पुढचा पेट्रोल पंप दिसेल तिथे सावलीत लाव आणि इंजिन बंद कर. बोनेट उघडलं तर चालेल, पण टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही."

पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारतो, कारण लोक दोन्ही दिवे एकच समजतात. तापमानाचा लाल दिवा म्हणजे इंजिन आत्ता तापतंय. तिथे पुढचा पंप, पुढचं हॉटेल असलं काही नाही. जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे गाडी बाजूला आणि इंजिन बंद. पातळीचा दिवा त्याच्या आधीचा. इंजिन अजून थंड राखलं जातंय, पण टाकीतला साठा रेघेखाली गेलाय, एवढंच तो सांगतो. रेघेखाली किती गेलाय हे त्याला माहीत नसतं. शंभर मिली गेलं काय नि दोन लिटर गेलं काय, दिवा तोच. म्हणून त्या दिव्यावर घर गाठायचं नसतं, पहिली धड जागा गाठायची असते. काही गाड्यांत पातळीचा दिवाही लालच असतो, तेव्हा रंगावर न जाता खाली उमटलेली ओळ वाचावी. गाडीच "इंजिन बंद करा" म्हणत असेल तर विषय संपला.

तापमानाचा काटा मध्ये आहे हे ऐकून मात्र मी फार निश्चिंत होत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कित्येक नव्या गाड्यांनी काटाच काढून टाकलाय. त्याहून वाईट म्हणजे कूलंट फारच कमी झालं की तापमानाचा सेन्सर कूलंटबाहेर, कोरडाच राहतो आणि इंजिन भाजत असताना मीटरवर सगळं आलबेल दिसू शकतं. म्हणून वाफेचं आणि वासाचं विचारायचं.

पंपावरचा पोरगा मदतीला धावलाच. हातात नळाच्या पाण्याचा कॅन, आणि सरळ झाकणाकडे. तिने त्याला अडवलं, तेव्हा मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी घाटात गाडी थांबवून पाणी घालायचेच की. त्यात काय एवढं?" फोनवर मला ऐकू आलं. त्यांचं चूक नाही. जुन्या गाड्यांत जास्तीचं पाणी नळीवाटे रस्त्यावर जायचं, परत येण्याची सोय नसायची, त्यामुळे घाटात पाणी घालणं हा प्रवासाचाच भाग होता. घाटाच्या चढावर पाण्याची पिंपं ठेवलेली असायची ती उगीच नाही. आताची यंत्रणा बंद असते. कूलंट तापून फुगतं, टाकीत चढतं, थंड झालं की खाली उतरतं, बाहेर जात नाही. आत दाब असतो म्हणूनच ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पुण्याच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला असेल तर हाच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. झाकण फिरवलं की दाब पडतो आणि सगळं एकदम उकळून उसळतं. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखंच ते, फरक एवढा की इथे उकळतं कूलंट चिकट असतं आणि कातडीला धरून बसतं.

पाऊण तास ते सावलीत बसले. मग मी तिला रेडिएटरची वरची जाड होस दाबायला सांगितली. ताठ लागली तर आत दाब आहे, अजून थांब. मऊ लागली तेव्हा टॉवेलची घडी झाकणावर ठेवून पाव आटा फिरवायला लावलं. बारीक फुस्स झालं. आवाज थांबेपर्यंत हात तसाच, आणि मगच झाकण काढायचं. पंपावरच्या दुकानात बॅटरीच्या पाण्याची सीलबंद बाटली मिळाली, म्हणजे डीमिनरलाइज्ड पाणी. (बॅटरीवाल्यांकडे तशाच कॅनमध्ये ॲसिडही असतं, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये.) तेही नसतं तर पिण्याच्या बाटलीतलं चाललं असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी टाळायचं. क्षारांचा थर ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत बसला की तो निघत नाही. अगदीच काही नसेल आणि गावात पोहोचायचं असेल तर तेही घालावं, कोरड्या इंजिनापेक्षा क्षार परवडले.

मुख्य गोष्ट पुढची. ओतायच्या आधी टाकीचा फोटो काढायला लावला आणि ओतल्यावर दुसरा. किती गेलं ते बाटलीवरच्या खुणांनी मोजायला लावलं. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये यायला तीनशे ते चारशे मिली लागलं. या प्रकरणात कूलंट किती कमी झालं याची ही पहिली नोंद. आधीच्या टॉप-अपला किती लागलं हे ना शोरूमच्या बिलावर होतं ना नवऱ्याच्या लक्षात. टॉप-अप केलं की दिवा जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

आता घाट चढायचा की परत फिरायचं? मी चढ म्हणालो. आधीचं टॉप-अप होऊन काही आठवडे झाले होते, म्हणजे गळती असलीच तर मंद. वाफ नव्हती, काटा हलला नव्हता. अट एकच घातली: सावकाश चढायचं, ओव्हरटेकच्या भानगडीत पडायचं नाही, आणि घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला थांबून, झाकण न उघडता, टाकीच्या पांढऱ्या प्लास्टिकमधून पातळी बघायची. खाली गेलेली दिसली तर तिथूनच टोइंग. दिसली नाही. दुपारी गाडी माझ्या दारात होती, आणि दीर येऊन तिघांना कराडला घेऊन गेला.

तीन कारणं, एकेक करून

गाडी गार होईपर्यंत मी आधीच्या निदानांचा विचार करत बसलो.

कूलंट उडतं, हे पहिलं. बंद यंत्रणेतून उडून जातं ते इतकं थोडं की वर्षभरात रेघेला फारसा धक्का लागत नाही. एक अपवाद मान्य. नवी गाडी किंवा नुकतंच काम झालेली गाडी असेल, तर आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि पातळी एकदा थोडी खाली बसते. एकदाच. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट झाली तर कूलंट कुठेतरी जातंय.

दुसरं, सेन्सर. याला थोडा आधार होता, कारण ती म्हणाली होती की दिवा चढावर लागतो आणि सपाटीवर जातो. टाकीच्या तळाशी दोन खुंट्या असतात किंवा लोहचुंबकाचा तरंगता तुकडा असतो. दोन्ही प्रकारांत टाकीत गाळ साठला तर खोटा दिवा लागू शकतो. पण चढावर लागणं हे खोटेपणाचं लक्षण नाही. पातळी रेघेच्या काठावर असली की गाडी तिरपी होताच टाकीतलं कूलंट एका बाजूला कलतं आणि खुंट्या उघड्या पडतात. म्हणजे दिवा नेमका वेळेत सांगत होता की काठावर आलोय. खात्री करायला मी गार गाडीत, सपाट फरशीवर, मोठ्या सिरिंजने थोडं थोडं कूलंट काढत गेलो. पातळी मिनच्या खाली गेली आणि दिवा लागला. परत भरलं, गेला. सेन्सर ठणठणीत होता.

तिसऱ्या भेटीत पातळी बरोबर का निघाली, याचं उत्तरही यातच आहे. ती घरून पाऊण तास ट्रॅफिकमधून गाडी चालवत शोरूमला गेली, आणि तिथे गरम गाडीचंच बोनेट उघडलं गेलं. गरम कूलंट फुगून वर चढलेलं असतं. सकाळी मिनच्या खाली असलेली पातळी तेव्हा मस्त मधे दिसते. पातळी बघायची तर रात्रभर उभ्या गाडीत, सपाट जागेवर. स्कॅनरचंही तेच. पातळीचा दिवा लागला म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमध्ये कोड पडेलच असं नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही, हा हल्लीच्या पोरांचा फार आवडता तर्क आहे. स्कॅनर आला आणि खाली वाकणं गेलं.

राहिलं तिसरं, ठिपका नाही.

शोध

आधी वाईट शक्यता बाजूला केल्या. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, डिपस्टिकवर तेल स्वच्छ. सायलेन्सरमधून सकाळच्या स्टार्टला पांढरा धूर नाही. टाकीच्या तोंडावर केमिकलची नळी धरून बघितली. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतो आणि निळं द्रव पिवळं पडतं. निळंच राहिलं. पुढच्या पायाखालची चटई उचलून हात फिरवला. हीटरचा छोटा रेडिएटर आतल्या आत गळला तर चटई ओलसर लागते आणि काचेवर आतून चिकट धुकं धरतं. कोरडी होती. गाडीखाली डाव्या बाजूला पाणी टपकत होतं खरं, पण ते एसीचं: रंग नाही, वास नाही, बोटांत चोळलं तर बुळबुळीत नाही. चव कुणी घेऊन बघू नये. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं चाटून कुत्री-मांजरं मरतात ती त्यामुळेच. तिच्या नवऱ्याने तो हिरवा कॅन पार्किंगमध्ये उघडाच ठेवला होता, तो आधी उचलून कुलुपात ठेवायला सांगितला.

मग प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी हातपंप बसवायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याच्या आत हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. संध्याकाळी इंजिन कोमट असताना केली, तर काटा जवळजवळ हलला नाही. इथे बरेच जण "टाइट आहे" म्हणून पंप काढतात. मी तोच पंप सकाळी गार इंजिनावर लावला. पंधरा-वीस मिनिटांत काटा हळूहळू, पण नक्की, खाली सरकला. काही गळत्या गारच असतात. प्लास्टिक आकसतं, रबराची रिंग कडक होते, सांध्यात केसभर फट पडते. इंजिन तापलं की फट मिटते, आणि जे दोन थेंब बाहेर आलेले असतात ते गरम धातूवर सुकून जातात.

खालचा प्लास्टिकचा ट्रे सोडवला. नव्या गाड्यांना इंजिनाखाली आवाज आणि वाऱ्यासाठी हा ट्रे असतो, कित्येकांना आतून जाड फेल्टचं अस्तर असतं. तो उलटा केला तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या कोपऱ्यात अस्तरावर तळहाताएवढा गुलाबी डाग, बोटाला चिकटणारा. जमिनीवर ठिपका पडणार कसा? फेल्ट सगळं पिऊन घेत होतं.

डागाच्या सरळ वर बघितलं. या इंजिनात थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप एकाच प्लास्टिकच्या घरात बसवलेत, तेही इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे वरून नजर पोहोचत नाही. दांड्याचा आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं. घर जिथे हेडला मिळतं त्या सांध्याच्या खालच्या ओठावर पांढुरकं-गुलाबी कवच धरलेलं. खाली गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमवर त्याचाच सुकलेला ओघळ. खरवडलं तर भुकटी झाली आणि तिच्याखाली सांधा ओला. हातपंपाने दाब तसाच धरून ठेवला, तर तिथे एक थेंब जमायला लागला. दोन्ही फोटो काढले, एक लांबून आणि एक जवळून, काट्याचा फोटो वेगळा.

शोरूमशी बोलणं

गाडी वॉरंटीत होती, त्यामुळे मी सांधा खोलला नाही. खोलला असता तर वॉरंटीचा वाद माझ्या गळ्यात पडला असता. तिला म्हटलं, "जॉब कार्डावर 'कूलंट टॉप-अप' असं लिहू देऊ नकोस. 'कूलंटची गळती, गार इंजिनावर प्रेशर टेस्ट करून जागा शोधणे आणि दुरुस्ती' असं लिहून घे आणि खाली सही करून घे." शब्द महत्त्वाचे, कारण मेकॅनिकला जॉब कार्डावरचं काम दिलं जातं, मालकाच्या मनातलं नाही.

तिथे अपेक्षित अडथळा आलाच. टाकीत हिरवट झाक दिसली. बाहेरचं कूलंट घातलंय, वॉरंटी बसत नाही, असं सर्व्हिस मॅनेजर म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. वेगवेगळ्या जातींची कूलंट मिसळली की त्यांतली गंज रोखणारी रसायनं लवकर संपतात, काही जोड्यांत तर चिखलासारखा गोळा होतो. रंगावरून जात ओळखताही येत नाही. गुलाबी म्हणून सगळी गुलाबी एक नसतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघावा लागतो. पण सांधा त्या कॅनमुळे गळत नव्हता. पहिलं टॉप-अप त्यांच्याच वर्कशॉपमध्ये झालेलं, त्यांच्याच कंप्युटरमध्ये तारीख होती, आणि हिरवं कूलंट मागवल्याची ऑर्डर त्याच्या नंतरची. गळती आधीची, हिरवं नंतरचं. तिने दोन्ही तारखा आणि कवचाचे फोटो समोर ठेवले. आवाज न चढवता. बँकेत काम केल्याचा फायदा.

शेवटी पंपाचं पूर्ण घर, सांध्याचं सील आणि पंप फिरवणारा छोटा दातेरी पट्टा वॉरंटीत बदलून मिळाला. पट्ट्याचं मी आठवणीने सांगितलं होतं, कारण कूलंट झिरपून रबर खराब होतं आणि पुन्हा तेवढंच खोलकाम करावं लागतं. कूलंटचा खर्च तिने भरला, ते मला रास्त वाटलं. काढलेल्या कूलंटचा नमुना मी रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणात कूलंट किती ते दाखवणारं उपकरण) पाहिला तर गोठणबिंदू उणे वीसच्या आसपास दिसला. निम्मं-निम्मं मिश्रण असतं तर उणे ३७ दिसायला हवं होतं. साताऱ्यात कूलंट गोठत नाही, पण मिश्रण एवढं पातळ झालं की उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि गंज धरायला वाट मिळते. शिरवळला घातलेलं पाणी गरजेचं होतं. ते तसंच ठेवून वर्षभर फिरणं बरं नव्हतं. यंत्रणा धुऊन नवं कूलंट व्हॅक्यूम लावून भरायला सांगितलं, म्हणजे हवेचे फुगे कमी अडकतात.

तिच्या नवऱ्याने विचारलं, "काका, टॉप-अप करत राहिलो असतो तर? महिन्याला दोनशे मिली, काय बिघडतं?" बिघडलं असतं ते हायवेवर. सांध्याची फट मंद राहील याची हमी नसते. प्लास्टिकला तडा गेला तर शंभरच्या वेगात मिनिटाभरात टाकी रिकामी होते, आणि तीन सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. शिवाय साध्या विमा पॉलिसीत असलं इंजिनाचं नुकसान धरत नाहीत, आणि इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घेतलं असलं तरी दिवा लागूनही गाडी का चालवली हा प्रश्न येतोच.

एक गोष्ट हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी. तुमच्याकडे बऱ्याचदा दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची किंवा बॅटरीची. दिवा कुठल्या टाकीचा ते मॅन्युअलमध्ये बघा. बॅटरीच्या टाकीत काही गाड्यांना वेगळ्या जातीचं, वीज कमी वाहणारं कूलंट लागतं. तिथे घरचा कॅन ओतू नका.

दुरुस्तीनंतर टाकीवर पातळीशी कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहायला सांगितली, आणि रविवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी फोटो. पहिल्या आठवड्यात पातळी पट्टीच्या बोटभर खाली गेली. तिचा लगेच फोन आला. ती हवा निघाली होती. मी पट्टी नव्या जागी लावायला सांगून कूलंट घालू दिलं नाही. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळीला ते खंबाटकीवरून कराडला जाऊन आले, पट्टी आणि पातळी एकाच रेषेत आहेत. ट्रेवरचं फेल्ट मात्र शोरूमने बदललं नाही, जुना डाग तसाच आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणी तो बघून नवी गळती म्हणायला नको, म्हणून तेवढं जॉब कार्डावर लिहून घ्यायला मी तिला सांगून ठेवलंय.